इची, नी, सान, नाना

६ जानेवारी, सोमवार

आजपासून कराटे. वय एकोणपन्नास. दिसतं बेचाळीस. (सकाळी, पोट आत घेतल्यावर.)

कन्या गेली सहा वर्षं ज्या क्लासला जाते तोच क्लास मी निवडला, हा निव्वळ योगायोग. बाकीचे लांब आहेत. एक जवळ आहे, पण तिथे पार्किंगची बोंब. कन्येसाठी वगैरे काही नाही. ती चौदाची झाल्यापासून बसने जाते-येते. आधी माझ्या स्कूटरवर मागे बसायची आणि जाताना-येताना अखंड बडबड. गाडी चालवण्यात लक्ष लागायचं नाही. आता शांतपणे चालवता येते. फारच शांतपणे.

तिला सरप्राइज द्यायचं ठरवलं होतं. ती बसने पोचायच्या आत हॉलवर गेलो, पांढराशुभ्र ड्रेस चढवला, मोठ्या आरशासमोर पाय फाकून उभा राहिलो. ती दारातच थांबली. मग दार पुन्हा बाहेरून लोटून घेतलं. आनंदाने माणूस भांबावतो म्हणतात तो असा.

रात्री पट्ट्याची गाठ सुटेना. बायको फिजिओथेरपिस्ट आहे, तिला शरीरातल्या सगळ्या गाठी सोडवता येतात, पण ही नाही. तिने कात्री आणली. मी नाही म्हणालो. तसाच जेवलो.

८ जानेवारी, बुधवार

शिक्षिकेला सेन्सेई म्हणायचं. तिशीच्या आहेत, माझ्या खांद्याला लागतात. दिवसा बालवाडीत शिकवतात, संध्याकाळी कराटे. दोन्हीकडे आवाज तोच असावा. मला दोनदा ‘बाळा’ म्हणाल्या.

पांढऱ्या पट्ट्यांच्या रांगेत सगळी चिल्लीपिल्ली, वय सहा ते नऊ. मोठे आम्ही दोघंच. मी, आणि एक निवृत्त पोस्टमन. सहासष्ट वर्षांचे. डॉक्टरांनी तोल सुधारायला सांगितलं म्हणून आले. मी त्यांना टपालकाका म्हणतो. दया येते. या वयात काय जमणार.

इथे पद्धत अशी: एकेकाने पाळीपाळीने जपानीत दहापर्यंत मोठ्याने मोजायचं, प्रत्येक आकड्याला सगळ्यांनी एक ठोसा मारायचा. मला आज सूट दिली. गरज नव्हती.

संकल्प: शुक्रवारपर्यंत दहा. महिनाअखेर शंभर. वर्षअखेर जपानी बोलणं. दहा शब्दांचं ते काय.

१० जानेवारी, शुक्रवार

इची, नी, सान, शी. इथपर्यंत खणखणीत. मग ‘पाच’ निघालं. तेही खणखणीत. सगळ्यांनी ठोसा मारला. ठोशाला भाषा कळत नाही हा शोध लागला. पुढे दहापर्यंत मराठीतच मोजलं. सेन्सेईंनी ‘छान हं’ म्हणून टाळ्या वाजवल्या. चिल्लीपिल्लीनेही वाजवल्या. पुढच्या रांगेत तपकिरी पट्टेवाले उभे असतात, त्यात कन्या. तिने मागे वळून पाहिलं नाही. शिस्त.

टपालकाकांनी दहाही आकडे न अडखळता म्हटले. नंतर पाणी पिताना गुपित सांगितलं. त्यांनी आपल्या जुन्या गल्लीतल्या दहा दारांवर एकेक आकडा टाकलाय. पहिलं दार इची, तिथे कुत्रं. दुसरं नी, तिथल्या बाई पाणी विचारायच्या. असं चालत चालत दहाव्या दारापर्यंत.

असल्या पोरकट युक्त्या मी करणार नाही. माझी स्मरणशक्ती सरळ आहे.

१३ जानेवारी, सोमवार

युक्ती सापडली. गोष्ट रचायची! दोघी बहिणींचं भांडण. हिची नि सानीची. (सानी म्हणजे धाकटी.) शी गो, काय हे! चला, रोखू. शिट्टी वाजवली. हाच्छी, कुणीतरी शिंकलं. क्यू लावला. ज्यूस वाटला.

इची, नी, सान, शी, गो, रोकु, शिची, हाची, क्यू, ज्यू. झाले की दहा. न समजण्यासारखं काही नाही. कामाच्या वेळेत रचली, पण त्या वेळी आमच्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. म्हणजे एक होतं, पण त्याच्या डोळ्यांत थेंब घातले होते, त्याला काही दिसत नव्हतं.

१५ जानेवारी, बुधवार

गोष्ट उत्तम चालली. फक्त सातला ‘शिट्टी’ आणि दहाला ‘ज्यूस’ गेलं तोंडातून. शिंक जरा खरीखुरी आली. क्लास सुटल्यावर चिल्लीपिल्ली हलेना. ज्यूस कधी मिळणार म्हणून बसून राहिली. सेन्सेईंनी समजावलं. तीन आयांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी कामावर रोज बघतो. लांबचं दिसत नसलं की माणूस असेच डोळे बारीक करतो.

२२ जानेवारी, बुधवार

सराव दिवसभर हवा, असं सेन्सेई म्हणतात. माझं काम त्याला अनुकूल. चष्म्याच्या दुकानात मागच्या अंधाऱ्या खोलीत डोळे तपासतो. दिवसाला पंधरा-वीस माणसं. चाचणीच्या फ्रेममध्ये एक भिंग घालायचं, काढायचं, दुसरं घालायचं आणि विचारायचं, पहिलं बरं की दुसरं. सोळा वर्षं हेच विचारतोय. आज विचारलं, ‘इची बरं की नी?’

समोर निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. म्हणाल्या, काय म्हणालात? मी पुन्हा म्हणालो. त्या म्हणाल्या, नी. मी म्हटलं, आता नी बरं की सान? त्या म्हणाल्या, मला आधीचं द्या. आधीचं म्हणजे कोणतं, यावर दोघांचा थोडा गोंधळ झाला. पण नंबर काढून दिला. जाताना त्यांनी मला कोणत्या शाळेत होतात असं विचारलं.

२९ जानेवारी, बुधवार

मुख्याध्यापिका नवा चष्मा हातात धरून परत आल्या. म्हणाल्या, घातला की जिन्याच्या पायऱ्या वर येतात. मालकांनी स्वतः पुन्हा तपासलं. मग मला बोलावून, यापुढे भिंगं माणसासारखी मोजा, असं सांगितलं. मालकांची दृष्टी संकुचित आहे. (हे मी तपासून सांगू शकतो.)

शंभरचा संकल्प पुढच्या महिन्यात ढकलला. पाया पक्का हवा.

१ फेब्रुवारी, शनिवार

क्लासमधून आकड्यांचा छापील कागद मिळाला. न्हाणीघराच्या आरशावर चिकटवला. छपाई फारच बारीक. दाढी करताना वाचता येईना. बायको म्हणाली, तुला चाळिशी लागली आहे, तीन वर्षं सांगतेय.

हास्यास्पद. दिवसाला दहा जणांना चाळिशीचा चष्मा मीच देतो. चाळिशी लागलेला माणूस मी दारातून ओळखतो. कागद लांब धरतो, मान मागे नेतो, प्रकाशाला दोष देतो. माझं तसं नाही. लांबचं मला आजही घारीसारखं दिसतं. जवळचंही दिसतं, फक्त हात थोडा आखूड पडतो. शिवाय न्हाणीघरातला दिवा मंद आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार

मोठा दिलासा. सातला दुसरंही नाव आहे. शिची म्हणा नाहीतर ‘नाना’ म्हणा, दोन्ही चालतं. जपान्यांचे आभार. माझ्या सासऱ्यांना सगळे नानाच म्हणतात. आता सातवा आकडा या जन्मी विसरणार नाही. आणि खरं सांगायचं तर सातवा ठोसाही एकदम बरा बसू लागलाय. सेन्सेई म्हणाल्या, सातव्याला तुमच्यात वेगळीच ताकद येते.

बायकोला हे सांगितलं नाही. बायकोला कन्येने सांगितलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज कन्येची बस चुकली, म्हणून परत येताना स्कूटरवर. पहिल्या सिग्नलला तिने माझे आकडे म्हणून घेतले. मी मुद्दाम चुकलो, म्हणजे दुसऱ्या सिग्नललाही म्हणून घेईल. तिथेही मुद्दाम चुकलो. तिसऱ्या सिग्नलला चुकलो ते मुद्दाम नव्हतं.

हसली. मागून हेल्मेटवर टिचकी मारली. सहा महिन्यांत पहिल्यांदा. मग म्हणाली, बाबा, एक सांगायचं होतं. मी म्हटलं, आधी आठ सांग. आठ सांगितला. तेवढ्यात सिग्नल सुटला. काय सांगायचं होतं ते राहूनच गेलं. महत्त्वाचं असतं तर पुन्हा बोललीच असती.

एकंदर कराटेमुळे कंबर मोकळी वाटते.

३ मार्च, सोमवार

२३ तारखेला परीक्षा. कन्या आणि आणखी चौघं काळ्या पट्ट्याला बसणार. बाहेरून मोठे परीक्षक येणार. आम्ही पांढरेवाले पिवळ्याला. माझ्या बाबतीत सेन्सेई म्हणाल्या, घाई नको. मीही म्हणालो, घाई नकोच. टपालकाकांना मात्र बसवताहेत. वयाचा मान ठेवला असावा.

१४ मार्च, शुक्रवार

आजचा दिवस जपून ठेवण्यासारखा. काळ्या पट्ट्याच्या परीक्षेत लाथांसाठी मोजायचं काम सेन्सेईंनी मला दिलंय! अख्ख्या हॉलमधून मला. टपालकाकांना सगळे आकडे येतात, तरी मला. आवाज, दुसरं काय. भरदार आवाज शिकवून येत नाही.

कन्येला सांगितलं. तिने फक्त मान हलवली. मनातून किती अभिमान वाटला असेल.

बायको म्हणाली, सांभाळून. मी म्हटलं, दहा आकडे आहेत गं. ती म्हणाली, म्हणूनच.

२२ मार्च, शनिवार

तयारी पूर्ण. अंघोळीत, जेवताना, दुकानात (मनातल्या मनात) मोजलं. चाळीसपैकी एकतीस वेळा बिनचूक. उरलेल्या नऊ वेळा कुणीतरी मध्ये बोललं.

गरज नाही, तरी खबरदारी म्हणून उद्या डाव्या तळहातावर दहाही आकडे बॉलपेनने लिहिणार. बारीक अक्षरात, म्हणजे कुणाला दिसणार नाहीत.

२३ मार्च, रविवार

क्रमाने लिहितो.

हॉल भरलेला. पालक खुर्च्यांवर. बायको दुसऱ्या रांगेत, शेजारी नाना. नातीची परीक्षा म्हणून खास आलेले, कोट घालून. समोर टेबलामागे परीक्षक. पन्नाशीचे, मान न हलवता सगळं बघणारे.

टपालकाका पिवळ्या पट्ट्याला पास झाले. एकदाही झोकांडी गेली नाही. मी टाळ्या वाजवल्या. मग परीक्षकांनी त्यांना हातातल्या घड्याळावर वेळ मोजायला शेजारी बसवलं.

मग कन्या आणि चौघं. बाजूला मारायची लाथ, दहा वेळा. नियम असा: आकडा ऐकला की लाथ बाहेर, आणि पुढचा आकडा येईपर्यंत पाय हवेतच ठेवायचा. पुढचा आकडा आला की तो पाय खाली आणि दुसरा वर. मध्ये कुणी बोलायचं नाही, बघायचं नाही, हलायचं नाही.

मी भिंतीशी उभा राहून सुरू केलं. इची. पाच पाय वर. नी. सान. शी. गो. हॉल दणाणून गेला. स्वतःचाच आवाज ऐकून अंगावर काटा आला. परीक्षकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. प्रभाव पडला होता. रोकु.

रोकुनंतर काही नव्हतं.

म्हणजे डोक्यात होतं सगळं. बहिणी होत्या, क्यू होता, ज्यूस होता. मधलं काही नव्हतं. पाच पाय हवेत. मी शांतपणे तळहात वर केला. तळहातावर निळी मुंग्यांची रांग. हात लांब धरला. मुंग्या थोड्या मोठ्या झाल्या. आणखी लांब धरला. हात संपला. मान मागे नेली. भिंत लागली. त्यात घामाने निम्म्या मुंग्या वाहून गेलेल्या. हॉलमधला दिवा मंद आहे.

एका मुलाचा पाय खाली आला. मग दुसऱ्याचा. तिसरी मुलगी गोल फिरून बसलीच. चौथा टिकवून होता, पण त्याचा गुडघा शिवणयंत्रासारखा हलत होता, मग तोही गेला. कन्येचा पाय जागच्या जागी. कमरेच्या वर, सरळ, जणू भिंतीत ठोकलाय. तोंड परीक्षकांकडे. मला तिचा एक कान दिसत होता. तो लाल झाला होता.

मी मदतीसाठी खुर्च्यांकडे पाहिलं. लांबचं मला स्वच्छ दिसतं. दुसऱ्या रांगेत कोट दिसला.

‘नाना!’ मी ओरडलो.

कन्येचा पाय खाली, दुसरा वर. एकदम अचूक. आणि दुसऱ्या रांगेत नाना उठून उभे राहिले. म्हणाले, ‘काय झालं? काय हवंय तुम्हाला?’

यानंतर हॉलमध्ये आठ, नऊ आणि दहा कुणाला ऐकू गेले असतील असं वाटत नाही. मी म्हटले. क्रमाने म्हटले.

परीक्षक हसले नाहीत. उभे राहिले. म्हणाले, या काकांचं घड्याळ सव्वीस सेकंद सांगतंय, आणि इतका वेळ पाय धरलेला मी फार कमी वेळा पाहिलाय. चौघांना सेन्सेईंनी पुन्हा मोजून संधी दिली. चौघेही पास. कन्येला पुन्हा करायला सांगितलंच नाही. काळा पट्टा थेट तिच्या हातात दिला.

२४ मार्च, सोमवार

शांतपणे विचार केला. मी सातवर थांबलो नसतो तर ते सव्वीस सेकंद कुणाला दिसले असते? पाच पोरांतली ती एक ठरली असती. मुद्दाम थांबलो असं म्हणत नाही. पण अंतर्मन म्हणून काही असतं.

नाना फोनवर बायकोशी अर्धा तास बोलले. माझ्याशी बोलले नाहीत. थकले असतील.

२६ मार्च, बुधवार

कन्या क्लासला आली नाही. पाय दुखत असेल.

क्लासनंतर सेन्सेईंना गाठलं. म्हटलं, मोजायचं काम तुम्ही मलाच का दिलंत? आवाजाबद्दल काही म्हणतील असं वाटलं होतं. त्या गाद्या रचत होत्या. म्हणाल्या, मी नाही हो दिलं, तुमच्या मुलीने मागितलं. म्हणाली, माझा शेवटचाच दिवस आहे, बाबांना मोजू द्या, रोज अंघोळीत म्हणत असतात.

मी विचारलं, शेवटचा म्हणजे?

त्यांनी गादी खाली ठेवली. म्हणाल्या, तुम्हाला माहीत नाही?

२७ मार्च, गुरुवार

संध्याकाळी कन्येच्या खोलीच्या दारात उभा राहिलो. ती मोजे जोडत होती. विचारलं. ती खाली बघत म्हणाली, मला गेल्या वर्षीच सोडायचं होतं. कंटाळा आलाय बाबा, सहा वर्षं झाली. नव्या वर्षात सांगणार होते.

मग का नाही सांगितलंस, असं मी विचारलं.

‘तू ड्रेस घालून आरशासमोर उभा होतास. मला वाटलं, तुला किती आवडलंय हे. आता मी सोडते म्हटलं तर तू एकटाच राहशील त्या बारक्या पोरांत.’

एक मोजा तिच्या हातात तसाच राहिला. पुढे म्हणाली, ‘म्हणून म्हटलं, ब्लॅक बेल्टपर्यंत थांबू. तोवर तुझे दहा होतील.’

मी तिला ठणकावून सांगितलं की मी कराटेला कराटेसाठीच लागलो होतो. कंबर, रक्तदाब, शिस्त. तिच्यासाठी म्हणून नव्हे. ती म्हणाली, हो का. मी म्हटलं, हो. ती म्हणाली, बरं. मग तिने मोज्यांची जोडी करून माझ्याकडे फेकली. माझीच होती.

आता ती मैत्रिणींबरोबर पोहायला जाणार आहे.

२९ मार्च, शनिवार

सखोल विचार. कराटेने गुडघ्यांवर ताण येतो. माझ्या वयाला खरा व्यायाम म्हणजे पोहणं. हे मी पूर्वीपासून म्हणत आलोय. बायकोला विचारलं, पोहणं गुडघ्यांना चांगलं ना? तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, गुडघ्यांना चांगलं.

टपालकाकांचा फोन. सोमवारी येताय ना, असं विचारत होते. बघतो म्हणालो.

संकल्प: एप्रिलमध्ये फ्रीस्टाइल, मेमध्ये बॅकस्ट्रोक. तलाव घरापासून जवळच आहे. निव्वळ योगायोग.

६ एप्रिल, रविवार

तलावावर चौकशीला गेलो. चार वाजता. गेटवर वॉचमन. आत जाळीच्या पलीकडे निळं पाणी आणि मुलींचा कल्ला. त्यात कन्येचा आवाज मला ओळखू आला. कुणाला तरी अखंड काहीतरी सांगत होती.

वॉचमनला म्हटलं, प्रवेश घ्यायचाय. म्हणाला, पुरुषांची बॅच सकाळी सहाला. संध्याकाळी मुली. वडिलांना आत सोडत नाही. बाहेर तो बाक आहे, लहान मुलींचे पालक बसतात, बॅच सुटली की घेऊन जातात. मग विचारलं, तुमची केवढी?

म्हटलं, चौदाची.

म्हणाला, मग ती येईल की आपली आपण.

हो म्हणालो. तरी थोडा वेळ बसलो.